सुरांची पेटी : चाल कोणाला येते?



मागच्या खेपेला मी बिनाका गीतमालेवर लिहिलं होतं, त्यावर बरेच फोन आले. एका बाईंनी तर फोनवरच चार गाणी म्हणून दाखवली आणि वर मलाच विचारलं, "तुमचं वय काय हो?" मी अठ्ठ्याहत्तर सांगितलं, तर म्हणाल्या, "मग लहानच आहात!" असो. या वेळी सिनेमाची गाणी थोडी आणि घरातली जास्त आहेत. शेवटी वाचकांकडे एक मागणं आहे, तेव्हा अर्ध्यावर पान उलटू नका.

सुरुवात झाली आमच्या नातीपासून. तिचं लग्न ठरलं आहे. लग्नाआधी तिच्या घरी, न्यू जर्सीला, मलिदा करायचा आहे. पोहे, नारळ, साखर, पाच फळं, सगळं आता इथे मिळतं. आम्ही १९७४ साली आलो तेव्हा जाड पोहे आणि पातळ पोहे हा फरक इथल्या दुकानदाराला समजावून सांगावा लागत होता. ते दिवस गेले. तर सगळी यादी झाल्यावर नात म्हणाली, "आजोबा, मलिद्याला पणजीचं गाणं मी म्हणणार. एलियाहू हन्नबीचं. तिच्या वहीतलं."

पणजी म्हणजे माझी आई. नातीला मराठी कळतं, मोडकंतोडकं बोलताही येतं, पण वाचता येत नाही. म्हणून मी कपाटातून वही काढली आणि शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून द्यायला बसलो. शब्द लिहून झाले. मग ती म्हणाली, "आता चाल सांगा."

आणि मी गप्प!

आईची ती वही रेवदंड्याहून आलेली. लग्न होऊन ती मुंबईला डोंगरीला आली तेव्हा ट्रंकेत घालून आणलेली. पुठ्ठा केव्हाच गेला, आता प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतो. एकतीस गाणी आहेत. योसेफाची, मोशेची, एस्तेर राणीची, आणि एलियाहू हन्नबीची पाच. शाई तपकिरी झाली आहे पण अक्षर स्वच्छ. आई मराठी चौथी शिकलेली.

छोट्या दोस्तांनो, या वहीत सा रे ग म असं काही लिहिलेलं नाही. तेव्हा आपल्याकडच्या बायका तसं लिहीत नसत. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर फक्त एक ओळ असते. "चाल – अमुक." म्हणजे हे गाणं अमुक गाण्यासारखं म्हणायचं. तुम्ही शाळेत ओळखीच्या गाण्यात आपले शब्द घालून म्हणता ना, तसंच. कुठे नुसतं "दिंडी" लिहिलंय, कुठे "साकी". दिंडी आणि साकी ही वृत्तांची नावं. एक दिंडी म्हणता आली की सगळ्या दिंड्या म्हणता येतात, म्हणून तिथे जास्त काही लिहायची गरजच नव्हती.

हे आपल्यात आलं कुठून? कीर्तनातून. १८८० च्या सुमारास मुंबईत आपल्या काही मंडळींनी हरदासांची कीर्तनं ऐकून मनात आणलं की आपल्या धर्मग्रंथातल्या कथा अशाच सांगाव्यात. 'कीर्तनोत्तेजक मंडळ' निघालं. टाळ, पेटी, मध्ये उभा राहून कथा सांगणारा, पण कथा अब्राहामाची आणि योसेफाची! गंमत बघा, त्याच १८८० साली, ३१ ऑक्टोबरला, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आलं. मग 'सौभद्र' आलं. किर्लोस्करांनी स्वतः कीर्तनातल्या, बायकांच्या गाण्यातल्या, कानडी पदांतल्या चाली उचलल्या होत्या. मग आपल्या लोकांनी नाटकातल्या चाली उचलून पुन्हा कीर्तनात आणल्या. चाल कोणाची हे विचारायचं कारणच नव्हतं. ज्याच्या तोंडात बसली त्याची.

आईच्या वहीत मोशेच्या एका गाण्यावर लिहिलंय, "चाल – प्रिये पहा". हे 'सौभद्रा'तलं पद. पहाट झाली आहे आणि श्रीकृष्ण रुक्मिणीला उठून बघायला सांगतो आहे. त्या चालीवर आमचा मोशे समुद्र दुभंगतो! लहानपणी मला यात काही वावगं वाटलं नाही. आजही वाटत नाही.

माझ्याकडे 'सौभद्रा'तल्या पदांची एक एल. पी. आहे. नातीला ती लावून दाखवली. मी अमेरिकेत येताना अकरा तबकड्या आणल्या होत्या, आईच्या दोन जुन्या साड्यांत गुंडाळून, हातातल्या बॅगेत. बाकी संसार जहाजाने आला. त्यात ही 'सौभद्रा'ची होती, कोळीगीतांची एक होती, आणि अगदी निघायच्या महिन्यात घेतलेलं 'शिवकल्याण राजा' होतं. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला १९७४ साली तीनशे वर्षं झाली, त्या निमित्ताने ते निघालं. हृदयनाथांचं संगीत, लताबाईंचा आवाज, मध्ये बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन. क्वीन्सच्या त्या पहिल्या हिवाळ्यात, बाहेर बर्फ आणि घरात हीटर बिघडलेला, अशा वेळी मी ती इतक्यांदा लावली की खालच्या मजल्यावरचे इटालियन आजोबा वर येऊन विचारून गेले, ही बाई कोण? मी नाव सांगितलं. त्यांनी कागदावर लिहून घेतलं. लताबाई ६ फेब्रुवारी २०२२ ला गेल्या त्या दिवशी मला सगळ्यात आधी त्या आजोबांची आठवण झाली.

कोळीगीतं आईची आवडती. शांताबाई शेळक्यांचे शब्द, लताबाई आणि हेमंतकुमार. आई म्हणायची, "हे आपल्या रेवदंड्याचं वारं आहे." लता मंगेशकर रेवदंड्याला कधी गेल्या होत्या का, हे मला ठाऊक नाही, पण आईपुढे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

तर 'सौभद्रा'ची तबकडी लावली. नात ऐकत बसली, मग म्हणाली, "आजोबा, हे तुम्ही म्हणता तसं नाही. हे खूप वळणावळणाचं आहे." पोरीचा कान चांगला आहे. नाटकातला गवई एका ओळीवर पाच वेळा फिरून येतो, दर वेळी नवी जागा घेतो. आपल्या बायका मलिद्याला दहाजणी मिळून, टाळ्या वाजवत म्हणणार, तिथे ताना कोण घेणार? त्यांनी चालीचा नुसता सांगाडा ठेवला. मला विचाराल तर मला तो सांगाडाच जास्त आवडतो. नाट्यगीतांचे भक्त यावर रागावतील, त्यांनी खुशाल रागवावं. कुमार गंधर्वांची 'मला उमजलेले बालगंधर्व' ही तबकडी मी पुढे मागवून घेतली. ती ऐकताना कळतं की मोठा गवई दुसऱ्याची चाल घेतो तेव्हा आधी तिची हाडं मोजतो. आई काही कुमार गंधर्व नव्हती, पण तिलाही हाडं माहीत होती.

एवढं करून मोशेचं गाणं सुटलं. नाटकाचं नाव असलेली आणखीही सात-आठ गाणी तबकड्यांवरून सुटली. पण नातीला हवं होतं ते एलियाहू हन्नबीचं. अलिबागजवळ खंडाळ्याच्या कातळावर त्याच्या घोड्याच्या टापा उमटल्या, त्याचं. त्या गाण्याच्या डोक्यावर आईने लिहिलंय, "चाल – आत्याची."

झालं! आता ही तबकडी कोणत्या दुकानात मिळायची?

आत्या म्हणजे आईची आत्या, रेवदंड्याची. मी तिला पाहिलेलं नाही. तिची चाल कधी कुठल्या कंपनीने छापली नाही. आणि जे छापलं जात नाही त्याचं काय होतं, याचं एक मोठं उदाहरण आपल्याच समाजात आहे. हिंदुस्थानातला पहिला बोलपट 'आलम आरा', १४ मार्च १९३१ ला मुंबईत मॅजेस्टिक सिनेमात लागला. त्याचं लेखन जोसेफ डेव्हिड पेणकर यांचं, म्हणजे आपले बेने इस्रायल गृहस्थ! त्यात सात गाणी होती. एक गाणं वझीर महंमद खान यांनी फकिराच्या वेषात म्हटलं, ते हिंदी सिनेमातलं पहिलं गाणं. लोकांनी तिकिटासाठी मारामाऱ्या केल्या. आणि आज? फिल्मची एकही प्रत उरली नाही, गाण्यांच्या तबकड्या निघाल्याच नव्हत्या. ज्या गाण्यापासून हे सगळं सुरू झालं ते मूळ गाणं आज कोणालाच ऐकता येत नाही. इतकी गर्दी लोटलेल्या सिनेमाची ही गत, तर रेवदंड्याच्या आत्याची काय कथा?

मला त्या गाण्याचं धृपद येतं. आई पोळ्या लाटताना गुणगुणायची ते कानात बसलंय. अंतरा येत नाही. मोठ्या बहिणीला सगळं येत होतं. ती इस्रायलला, लोदला राहायची. आम्ही दर शुक्रवारी फोनवर बोलायचो, शब्बाथ शालोम म्हणायला. गुडघे, भाज्यांचे भाव, नातवंडांची लग्नं, सगळं बोलायचो. गाण्याचं विचारू, पुढच्या शुक्रवारी विचारू, असं चाललं होतं. २०१९ मध्ये ती गेली.

आता जे सांगतोय ते सांगायला मला जड जातं, पण सांगतो.

१९८१ साली मी मुंबईला गेलो होतो, सोबत नवीन टेपरेकॉर्डर. परत निघायच्या दिवशी विमान सकाळचं होतं, झोप कोणालाच नव्हती. पहाटे स्वयंपाकघरात आईला बसवलं आणि म्हटलं, वहीतली गाणी म्हण. तिने आढेवेढे घेतले, मग म्हणाली. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू भरली, तीस मिनिटं. कॅसेट घेऊन मी न्यूयॉर्कला आलो. आई दोन वर्षांनी गेली.

आणि त्यानंतर केव्हातरी, एका रविवारी सकाळी, इथल्या रेडिओवर जुन्या हिंदी गाण्यांचा कार्यक्रम लागला. मी घाईघाईत हाताला आली ती कॅसेट घातली आणि लाल बटण दाबलं. कॅसेटवर मी नाव लिहिलेलं नव्हतं. लिहायचं राहिलं होतं.

काय भरलं गेलं ते तुम्हाला सांगतो, म्हणजे नशिबाची थट्टा कळेल. 'बूट पॉलिश' मधलं 'लपक झपक'. मन्ना डे यांनी गायलेलं, आणि पडद्यावर कोण? आपले डेव्हिड! डेव्हिड अब्राहम चेऊलकर. मुलांनो, हा १९५४ चा सिनेमा आहे, घरात कोणाकडे असेल तर अवश्य बघा. डेव्हिडनी त्यात जॉन चाचा केला आहे, भीक मागणाऱ्या दोन भावंडांना कष्टाची भाकरी खायला शिकवणारा. त्या कामाबद्दल त्यांना फिल्मफेअरचं पारितोषिक मिळालं. आमच्या डोंगरीच्या घरी डेव्हिडचं नाव निघालं की वडील खुर्चीत सरळ बसायचे, जणू काही सख्खा भाऊ. ते पुढे टोरोंटोला वारले. तर आपल्याच डेव्हिडच्या गाण्याने माझ्या आईचा आवाज पुसला गेला, आणि बटण दाबणारा हात माझा. अडाणा रागातलं ते गाणं फार सुंदर आहे. इतकी वर्षं झाली, मी ते पुरतं ऐकू शकत नाही.

ही गोष्ट मी घरात कोणाला सांगितली नव्हती. या उन्हाळ्यात नातीला सांगितली. ती रागावली नाही. म्हणाली, "कॅसेट कुठे आहे?" टाकून दिलेली नव्हती. तिने कुठूनसा जुना डेक आणला, तार कॉम्प्युटरला जोडली. आधी फीत एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवून घेतली, नाहीतर चिकटलेली असली तर तुटते. मग लावली. मन्ना डे, मग तलत, मग गीता दत्त, मध्ये मध्ये इथल्या साडीच्या दुकानाच्या जाहिराती. मी म्हटलं, राहू दे, बंद कर. ती म्हणाली, शेवटपर्यंत जाऊ दे.

रेडिओचा कार्यक्रम संपला. खट्ट असा आवाज आला, म्हणजे मी तेव्हा बटण सोडलं होतं. आणि मग आईचा आवाज.

सगळे मिळून पन्नास सेकंद. बाजू संपायला तेवढीच फीत उरली होती, तिच्यावर मी काही भरलं नव्हतं. आणि गाणं तेच, एलियाहू हन्नबीचं! शेवटच्या कडव्याच्या शेवटच्या दोन ओळी, मग धृपद. मग आई म्हणते, "पुरे रे आता. रेडिओ लाव, किती वाजले बघ." आणि लगेच मागे आकाशवाणीची ती सकाळची धून सुरू होते, आणि फीत संपते.

ती धून तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. तंबोरा आणि त्यावर व्हायोलिन, शिवरंजनीची छाया असलेली. आमची सगळी शाळा त्या धूनवर उठली, दात घासले, दूध प्यायली. नातीने विचारलं, "हे कोणाचं आहे?" तेव्हा मला तिला सांगता आलं, कारण हे मला उशिराने का होईना, कळलं होतं. ती धून वॉल्टर काउफमन या ज्यू संगीतकाराची मानली जाते. ते बोहेमियातले. नाझींच्या भीतीने १९३४ मध्ये मुंबईला आले, आणि १९३७ ते १९४६ मुंबई आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. धूनमधलं व्हायोलिन मेहली मेहतांचं, म्हणजे झुबिन मेहतांच्या वडिलांचं, असं सांगतात. काउफमन पुढे इंग्लंड, मग कॅनडात विनिपेगला वाद्यवृंदाचे प्रमुख, आणि १९५७ पासून इथे, अमेरिकेत, इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक. तिथेच ब्लूमिंग्टनला १९८४ मध्ये वारले. म्हणजे मी या देशात आल्यावर दहा वर्षं ते इथेच होते! मला ठाऊक असतं तर एक पोस्टकार्ड टाकलं असतं. काय लिहिलं असतं? हेच, की महाशय, तुमच्या धूनवर आम्ही दात घासले. त्यांना आवडलं असतं असं मला वाटतं.

आता हिशेब सांगतो. गाण्याचं धृपद मला येतं. कडव्याच्या शेवटच्या दोन ओळी कॅसेटवर मिळाल्या. राहिल्या कडव्याच्या पहिल्या दोन ओळी. पहिली ओळ खालीच चालते, एवढं मला अंधुक आठवतं. दुसऱ्या ओळीत, घोडा उडी घेतो तिथे, आवाज वर चढतो. पण किती वर? मी नातीला दोन तऱ्हांनी म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "दोन्ही छान आहे, पण पणजीचं कुठलं?" मला सांगता येईना. एक मी आत्ता रचलेलं असणार, आणि मला ते कुठलं तेही कळेनासं झालंय.

म्हणून हे मागणं. रेवदंडा, चौल, अलिबाग, नवगाव या बाजूच्या घरांतल्या आजीबाईंनो, आठवून बघा. एलियाहू हन्नबीचं गाणं, त्याच्या पांढऱ्या घोड्याचं, खंडाळ्याच्या टापांचं. ठेका झोपाळ्याच्या गाण्यासारखा, सहा मात्रांचा. धृपदाच्या शेवटी बायका दोन टाळ्या जास्त वाजवतात. आत्याची चाल आमच्याच घरात राहिली असेल असं नाही. तिच्या माहेरी-सासरी, शेजारीपाजारी, कोणी ना कोणी उचलली असेल. शब्द वेगळे असले तरी चालेल. इस्रायलमधल्या नातेवाइकांनाही विचारा. जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आपल्या समाजाची जुनी ध्वनिमुद्रणं जपून ठेवली आहेत, तिथेही नात शोधते आहे.

आणखी एक, हे आजच करा. घरातल्या जुन्या कॅसेटी काढा. प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेला, म्हणजे फीत दिसते त्याच्या उलट बाजूला, दोन कोपऱ्यांत प्लॅस्टिकच्या दोन बारीक पट्ट्या असतात. त्या मोडून टाका. दोन्ही. पट्टी मोडली की त्या बाजूवर लाल बटण दबत नाही. सुरीचं टोक लावलं की पटकन मोडते. मला हे १९८१ मध्ये माहीत होतं. आणि कॅसेटवर नाव लिहा, पेन्सिलीने नको, पेनने.

मलिदा डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी आहे. तोवर कोणाला चाल आठवली तर संपादकांकडे माझा नंबर आहे, फोनवरच म्हणून दाखवा, नात रेकॉर्ड करून घेईल. आवाज कसाही असू दे. फक्त फोन संध्याकाळी करा. दुपारी मी झोपतो आणि कानातलं मशीन काढून ठेवतो.